व्याहीबुवांचा लोखंडी रेडा

वसंतराव, काल तुमच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, आणि सगळ्या नातेवाइकांच्या मते त्याला मी जबाबदार आहे. तुमचा निनाद माझ्याशी मोजकंच बोलतोय. माझी केतकी तेवढंही बोलत नाही. विहीणबाईंनी काल संध्याकाळी स्वतः चहा आणून दिला आणि विचारलं, "भाऊसाहेब, असं का हो बोललात?" मी चहा प्यायलो आणि उठून घरी आलो. त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. सांगायचं तर तुम्हालाच, कारण भांडण आपलं होतं.

गेले दहा दिवस तुमच्याबद्दल जे ऐकतोय त्याने कान किटले आहेत. मनमिळाऊ काय, हसतमुख काय, कधी कोणाला दुखावलं नाही काय. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एका गृहस्थांनी घाईत वाढदिवसाचा केक टाकला, तर त्या केकखालीही लोकांनी हात जोडले. तुम्ही जिवंत असताना याच मंडळींनी तुम्हाला ज्येष्ठ नागरिक संघात भाषणाला उभं केलं होतं. तुम्ही तासभर घसा कोरडा केलात आणि शेवटी प्रश्न एकच आला, हॉलंडला सहलीला गेलं तर जेवण आपलं मिळतं का. आता तेच म्हणतात, फार अभ्यासू माणूस होता.

मला कोणी विचारलं नाही, पण मी सांगतो. तुम्ही हट्टी होता. माहिती अर्धी आणि ठामपणा दुप्पट, असा तुमचा कारभार होता. आणि हट्टाचा विषय तरी काय निवडावा माणसाने? क्रिकेट नाही, राजकारण नाही, गेला बाजार नवा विमानतळ आणि उलव्यातल्या जागांचे भाव नाहीत. डच आरमाराची एकोणिसाव्या शतकातली चिलखती जहाजं. पनवेलमध्ये बसून! जगात या विषयावर भांडणारी माणसं मुळात थोडी, त्यातला एक माझ्याच नशिबी व्याही म्हणून यावा.

बरं, मी या विषयातला अडाणी असतो तर एक वेळ चाललं असतं. माझा सगळा जन्म उरणच्या बंदरावर गेला. जहाजाचं नुकसान झालं की विमा कंपनीच्या वतीने जायचं, खोक कुठे पडली, कशाने पडली, चूक कोणाची, हे पाहून अहवाल द्यायचा, हा माझा धंदा. जहाजांच्या पोटात मी जेवढा वावरलो तेवढा स्वतःच्या घरात वावरलो नाही, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. आणि तुम्ही? बँकेतले साहेब. उरणच्या मोरा बंदरातून मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये तोंडाला रुमाल लावून, डोळे मिटून बसणारे. तुम्ही मला जहाजं शिकवायचात, आणि मी ऐकून घ्यायचो. मुलीचा बाप पडलो ना.

याचं खापर आपल्या नातवाच्या डोक्यावर फोडायला हवं. तो हॉलंडात जन्माला आला नसता तर हे काहीच झालं नसतं. केतकीच्या बाळंतपणाला आपण चौघेही तिकडे गेलो. बायका बाळात गुंतल्या आणि आपण दोघे त्या एवढ्याशा घरात सारखे कोणाच्या तरी पायात येत होतो. शेवटी एका सकाळी विहीणबाईंनीच आपल्या हातात डबा दिला आणि संध्याकाळपर्यंत घरी येऊ नका म्हणून सांगितलं. निनादने बसमध्ये बसवून दिलं. उतरलो ते एका बंदरगावी, ज्याचं नाव आपल्याला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. तुम्ही दर वेळी नवं म्हणायचात आणि मी दर वेळी हसायचो.

तिथे धक्क्याला ते उभं होतं. काळं, बुटकं, मधोमध तोफेचा गोल बुरूज आणि पुढे पाण्याखाली शत्रूच्या पोटात खुपसायला लोखंडी नाक. नाव बफेल, म्हणजे आपला रेडा. तुम्ही चिलखतावर हात ठेवलात आणि किती तरी वेळ काढलाच नाहीत. मी सवयीने पत्र्यांच्या रिबिटी ठोकून पाहत होतो. मग तुम्ही आत शिरताना कपाळ आपटून घेतलंत, आणि तशाच टेंगळासकट तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईंना जाऊन विचारलंत की या जहाजाने एकूण किती लढाया केल्या.

"एकही नाही," त्या बाई हसून म्हणाल्या.

मला हसू आवरेना. एवढं चिलखत, एवढी तोफ, एवढं नाक, आणि लढाई एकही नाही! आपल्याकडे एखाद्या पोलिसाने निवृत्तीपर्यंत एकही चोर पकडला नाही तर त्याचं संग्रहालय करतात का? पण तुमच्याकडे पाहिलं तर तुमचा चेहरा असा फुललेला, जसा नर्सने नातू झाल्याचं सांगितलं तेव्हा फुलला होता. त्या घटकेला आपलं भांडण सुरू झालं. परतीच्या बसमध्ये डबा उघडायचंही भान राहिलं नाही आणि घरी आल्यावर विहीणबाईंनी दोघांनाही फैलावर घेतलं.

पनवेलला परत आलो तरी ते संपलं नाही. उलट तुम्ही पुस्तकं मागवलीत, फोनवर डच शब्दांचं मराठी करत बसलात, आणि रोज संध्याकाळी तळ्याकाठच्या आपल्या बाकावर नवा दारूगोळा घेऊन येऊ लागलात. तुमचं म्हणणं एका वाक्यात मावायचं. ज्या लढाऊ जहाजावर कोणी चालून आलं नाही ते सगळ्यात यशस्वी. माझंही एकाच वाक्यात मावायचं. जे जहाज लढलं नाही ते जहाज नव्हे, तो नुसता खर्च.

आठवतं, मी तुम्हाला स्कोर्पिओनवरून किती छळलं ते? रेड्याचाच जोडीदार, विंचवाचं नाव मिरवणारा. दोन्ही धड स्वतःच्या देशात बांधलेले नाहीत, एक स्कॉटलंडहून आणलेला, दुसरा फ्रान्सहून. दुसऱ्याला धडक देऊन बुडवायचं म्हणून बांधलेल्या या जहाजाला आपल्याच बंदरात, शांततेच्या काळात, एका ओढबोटीने धडक दिली आणि हे बुडालं! मी आयुष्यभर धडकांचे अहवाल लिहिले, पण असा मजेदार अपघात माझ्या वाट्याला आला नाही. तुम्ही म्हणालात, "बाहेर काढलं की नंतर." काढलं ना. पुढे महायुद्धात जर्मनांनी ओढून नेलं, कोठार म्हणून वापरलं, युद्ध संपल्यावर परत आणलं, आणि मग डच आरमारातल्या बायकांचं वसतिगृह केलं. विंचवाचं वसतिगृह! हे मी पनवेलच्या मासळी बाजारात मोठ्याने म्हणालो आणि तुम्ही माझा दंड धरून मला बाजूला ओढलंत.

त्याच बाजारात करंजा गावच्या कोळीण चांगुणाबाईंनी तुमचा निकाल लावला होता. त्यांच्याकडून आपण दोघेही मासळी घ्यायचो. त्या मासळी कापत होत्या आणि तुम्ही, कोणी विचारलेलं नसताना, त्यांना फोनमधला रेडा दाखवायला लागलात. त्यांनी कोयता खाली ठेवून नीट पाहिलं.

"या होरीला जाला नाय, मासली नाय," त्या म्हणाल्या, "मंग पान्यान कशाला सोरली?"

"राखणीला," तुम्ही म्हणालात.

"कोन आला का पन मारायला?"

"कोणी नाही आलं."

"मंग!" म्हणून त्यांनी पुन्हा कोयता उचलला. मी इतका खूश झालो की घ्यायचे नव्हते तेही बोंबील घेतले. तुम्ही घरापर्यंत पिशवी घेऊन पुढे पुढे चाललात, आणि तुमच्या जिन्यात म्हणालात की बाई म्हणाल्या तेच माझं म्हणणं आहे, कोणी आलंच नाही. हे असं तुमचं. हरलेली बाजू उचलून खिशात घालायची आणि जिंकलो म्हणून चालू लागायचं.

एका जहाजापुरतं मात्र आपण कधी भांडलो नाही. आडर नावाचं ते लहान जहाज, तेही सापाच्या नावाचं. नदीच्या मुखाशी आणि किनाऱ्यालगत राहण्यासाठी बांधलेलं, डेक जवळजवळ पाण्याला टेकलेला. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायला निघालं, वारा उठला, आणि आतल्या सगळ्या माणसांसकट गेलं. किनाऱ्यावर प्रेतं लागू लागली तेव्हा लोकांना कळलं. मी म्हणालो, असं जहाज उघड्या समुद्रात पाठवणाऱ्यावर अहवालात मी काय लिहिलं असतं ते ऐका. तुम्ही म्हणालात, "नको." तुमचे डोळे भरले होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या, नावही माहीत नसलेल्या डच खलाशांसाठी पनवेलच्या तळ्याकाठी रडणारा माणूस मी तेव्हाच पाहिला. मला तुमची कीव आली. खोटं कशाला बोलू, मला तुमचा हेवाही वाटला.

मग मी माझं सगळ्यात मोठं शस्त्र बाहेर काढलं. म्हटलं, यातली काही जहाजं डचांच्या ताब्यातल्या पूर्वेच्या बेटांवर गेली, तिथे मात्र तोफा बरोबर चालल्या. समोर आरमार नव्हतं तर किनाऱ्यावरची गावं होती. घरी कोणी विचारत नाही, आणि ज्यांच्याकडे धड गलबत नाही त्यांच्यावर मर्दुमकी. आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या, राजाचं नाव दिलेल्या जहाजाचं काय झालं? तिकडच्याच सुराबायाच्या बंदरात त्याची बराक झाली आणि जपानी आले तेव्हा त्याच्याच लोकांनी ते बुडवलं. ही तुमची चिलखतं!

तुम्ही खाली वाकून चपलेचा पट्टा घट्ट केलात. मला वाटलं, संपलं, पडलात. मग तुम्ही हळूच म्हणालात, "म्हणून तर म्हणतो भाऊसाहेब, घरी राहिलेला रेडा बरा."

मी डासांना शिव्या दिल्या आणि उठलो.

घरी राहिलेला रेडा. तुम्ही कोणाबद्दल बोलत होता हे मला कळत नव्हतं, असं समजू नका. तुमची बँकेतली कारकीर्द मला निनादच्या स्थळाची चौकशी करतानाच समजली होती. बढती आली की बदली यायची, बदली आली की तुम्ही बढती नाकारायचात. तुमच्या हाताखाली शिकलेले तुमचे साहेब झाले. वडील अंथरुणाला खिळलेले होते, भाऊ बाहेरगावी होते, कोणी तरी पनवेलला राहायला हवं होतं, म्हणून तुम्ही राहिलात. वडील गेल्यावरही राहिलातच. मुलीच्या बापाने याला शांत, समाधानी घर म्हणायचं असतं. मी मनात म्हणालो होतो, अंगात धमक नाही.

आणि तुम्ही जायच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या तोंडून गेलं. तुम्ही नेहमीसारखं रेड्याचं पुढचं आयुष्य सांगत होतात. लढाऊ म्हणून जुना झाल्यावर त्याला धक्क्याला बांधलं, छप्पर घातलं, आणि आरमारात नव्याने आलेल्या पोरांची राहायची सोय त्यात केली. पिढ्यान् पिढ्या पोरं त्याच्या पोटात झोपली, शिकली, बाहेर पडली. ही गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितली होती की मला ती डच भाषेतही पाठ झाली असती. मी म्हणालो, "वसंतराव, पुरे. जन्मभर धक्क्याला बांधून राहिलं ते जहाज नव्हे. ती इमारत."

नुकसान कुठे झालं हे ओळखण्यात माझी हयात गेली. ते वाक्य तुम्हाला नेमकं कुठे लागलं ते मी पाहिलं. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात.

"याला उत्तर आहे माझ्याकडे," तुम्ही म्हणालात. "चांगलं उत्तर आहे. पण आधी वडा खाऊ, भूक लागलीय."

आपण वडा खाल्ला. तुम्ही जास्तीची मिरची मागून घेतलीत. मग निनादचा फोन आला, नातवाने तुम्हाला डचमध्ये काही तरी म्हणून दाखवलं, तुम्ही त्याला मराठीत उत्तर दिलंत, आणि आपण आपापल्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाकावर आला नाहीत. मी चिडून बसून राहिलो, म्हटलं उत्तर सापडलं नाही म्हणून तोंड चुकवताय. विहीणबाईंचा फोन आला तोवर तुम्हाला दवाखान्यात नेऊन झालं होतं, आणि मी पोचलो तोवर सगळंच होऊन गेलं होतं. यमाने न्यायला रेडा पाठवला असेल तर तुम्ही आधी त्याच्या कातडीची जाडी विचारली असेल, आणि या गडबडीत माझं उत्तर राहून गेलं. एका वड्यापायी, वसंतराव! मला इतका राग आला की तुमच्याजवळ बसून मला रडायलाही सुचलं नाही. ते दुसऱ्या दिवशी सुचलं, बाकावर.

मग हे दहा दिवस. तुमच्या त्या घरात मी रोज येऊन बसत होतो, सुतकातलं घर, माणसांनी गच्च भरलेलं. मला वाटलं होतं तुमचे भाऊ येतील, चार शेजारी येतील. पण येत होते ते भलतेच. एक टक्कल पडलेला इंजिनिअर आला आणि आल्या आल्या खिडकीखालच्या फरशीकडे बोट करून म्हणाला, "माझी जागा." तो तुमच्या चुलत बहिणीचा मुलगा, कॉलेजची सगळी वर्षं त्या खिडकीखाली झोपलेला. मग कपाटाजवळची जागा दुसऱ्याने सांगितली. दारामागची तिसऱ्याने, ती सगळ्यात वाईट म्हणे, कारण सकाळी दूधवाला आला की दार डोक्यावर यायचं. गॅलरीतल्या जागेवरून तर दोन मोठ्या बायका भांडल्या, दोघीही तुमच्याकडे राहून नर्सिंग शिकलेल्या. कोणी पेणचं, कोणी रोह्याचं, एक तर तुमच्या नात्यातलाही नव्हता, तुमच्या शिपायाचा मुलगा. रात्री सगळी तुमच्याच घरी थांबली, आणि विहीणबाईंनी गाद्या काढल्या तेव्हा कोणालाही सांगावं लागलं नाही. जो तो बरोबर आपल्या जागेवर जाऊन आडवा झाला.

मी दारात चपला घालत होतो. त्या भरलेल्या हॉलकडे पाहिलं आणि मला तुमचं उत्तर कळलं. वर्षानुवर्षं मी त्या हॉलमध्ये बसून तुमचा चहा पीत होतो आणि फरशीवर ही सगळी माणसं झोपून गेली आहेत हे तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. जहाजाबद्दल मात्र तोंडाचा पट्टा चालू. हा कुठला शहाणपणा? सरळ सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

काल सकाळी गाढी नदीकाठी दहावा. निनादने पिंड मांडले, गुरुजींनी हाक मारली, आणि सगळे मागे सरले. समोरच्या पत्र्याच्या शेडवर कावळे होते, पण एकही खाली येईना. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. त्या घाटावरचे कावळे रोज भात खाऊन सोकावले आहेत, पोट भरलेलं असलं की येत नाहीत, एवढंच ते शास्त्र. पण घाटाची झाडलोट करणारा तिथला गावकरी म्हणाला, "कावला हाय, पन उतरत नाय. त्यांचा कायतरी मनान रायलाय. बोला कोनीतरी."

झालं, एकेक जण हात जोडून पुढे यायला लागला. निनाद म्हणाला, "बाबा, आईला मी एकटं ठेवणार नाही." कावळा ढिम्म. विहीणबाई म्हणाल्या, "मी वेळेवर गोळ्या घेईन, उगाच काळजी करू नका." ढिम्म. तुमच्या धाकट्या भावाने पळस्प्याची जमीन विकणार नसल्याचं वचन दिलं, आणि ते ऐकून कावळ्याने मान दुसरीकडे वळवली. सोसायटीचे सेक्रेटरीही पुढे आले. त्यांनी तुम्हाला लिफ्ट लवकर दुरुस्त करण्याचं आश्वासन दिलं. वसंतराव, मी तुमच्या पिंडासमोर उभा होतो आणि मला तुमची इतकी आठवण आली, कारण यावर हसायला दुसरं कोणी नव्हतं. एवढी माणसं, आणि तुमचं काय राहिलंय हे एकालाही माहीत नाही!

मला माहीत होतं. केतकीलाही कसा कोण जाणे संशय आला. "बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमचं काही राहिलं होतं का त्यांच्याशी?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी चपला काढल्या आणि पुढे गेलो. बोलायचं ते तयार होतं. वसंतराव, तुमचं बरोबर होतं, रेडा जिंकला. एवढं म्हटलं की संपलं असतं. आणि त्याच क्षणी शेडवरचा एक कावळा उडून खाली आला आणि पिंडापासून हातभर अंतरावर बसला. मान तिरकी करून माझ्याकडे पाहत राहिला, हुबेहूब तुमच्यासारखा, मी हरायच्या बेतात असलो की तुम्ही पाहायचात तसा.

कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण नुकसान पाहण्याच्या धंद्यात एक शिकलो. ज्याच्यावर विश्वास नाही त्याचाही धोका पत्करायचा नसतो. मी मान्य केलं असतं आणि तो शिवला असता, तर गुरुजी म्हणाले असते, मोकळे झाले. तुमचं माझ्याकडे काही राहिलं नसतं. तुम्ही गेला असतात. आणि मी संध्याकाळी त्या बाकावर कोणाशी भांडत बसणार होतो? सेक्रेटरींशी, लिफ्टवरून?

म्हणून मी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वसंतराव, ते जहाज नव्हतंच. इमारत होती."

कावळा उडाला. मागून कोणी तरी "अरे देवा" म्हणालं. केतकीने तोंडावर पदर धरला. गुरुजी सज्जन, त्यांनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, आणि घड्याळाकडे पाहून पुढचं उरकलं. परतताना गाडीत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. तुमची ती जागा धरून झोपणारी मंडळी तर मला मारायच्याच बेतात होती, आणि त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं.

आज सकाळी बाजारात गेलो होतो. चांगुणाबाईंना कळलं होतं. त्यांनी बोंबील बांधून दिले आणि म्हणाल्या, "मानूस बरा होता. पन मासली कंची ती कदी वलखली नाय." दहा दिवसांत तुमच्याबद्दल कोणी खरं बोललेलं मी एवढंच ऐकलं.

लोक म्हणतात तुमचा जीव अडकला. अडकू द्या. दोर मी बांधलाय आणि तो मला सोडायचा नाही. वर्षश्राद्धाला निनाद पुन्हा येणार आहे, पुन्हा घाटावर पान मांडलं जाईल, आणि सगळे मिळून माझ्या हातापाया पडतील की या वेळी तरी नीट बोला. तुमचं बरोबर होतं हे मला तेव्हाही माहीत असेल. मी हात जोडून पुढे येईन आणि म्हणेन, इमारत.